शाळेच्या फळ्यावर रोज 'आजची माहिती' लिहायची आहे. ती अचूक कशी काढू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परिपाठासाठी रोज फळ्यावर एक दिनविशेष, एखादा शब्द किंवा सामान्यज्ञानाची गोष्ट लिहायचं काम तुमच्याकडे आलंय. मोबाईलवर फिरणारी माहिती उतरवली, ती दोनदा चुकीची निघाली आणि पालकांनी ते लक्षात आणून दिलं. माहिती कुठून घ्यावी, कशी पारखावी आणि किती लिहावी, हे तुम्हाला हवंय.

आधी 'किती' ते सांगतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. चार फूट रुंद, तीन फूट उंच फळा धरा. पंधरा फुटांवरच्या मुलाला वाचता यावं म्हणून अक्षर साधारण दीड इंच, म्हणजे ४ सेंटिमीटर उंच हवं. वेलांट्या, मात्रा आणि उकार धरून एका ओळीला ९ ते १० सेंटिमीटर जातात. म्हणजे शीर्षकासकट आठ-नऊ ओळी, ओळीत चार-पाच शब्द. चाळीस शब्दांच्या वर गेलात की अक्षर बारीक होतं आणि मागची रांग वाचायचं सोडून देते. चाळीस शब्द मोठ्याने वाचायला वीसेक सेकंद लागतात, परिपाठाला तेवढे पुरे. चाळीस शब्दांत एकच विधान नीट बसतं, त्यामुळे तपासायलाही एकच विधान लागतं. 'आज यांची जयंती, त्यांची पुण्यतिथी, हा जागतिक दिन, तो शोध' अशी यादी लिहिली तर चार ठिकाणी चुकायची सोय होते आणि मुलांच्या लक्षात एकही राहत नाही.

आता तारखा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो आणि तो बहुतेक वेळा कालगणनेमुळे होतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

जुन्या कागदांत शके असतं. शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवायचे हे सगळ्यांना माहीत असतं, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि इसवी सन मध्येच, पौषाच्या आसपास, बदलतो. म्हणून चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवायचे. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. इथे ७८ मिळवले तर १६२९ येतं, जे चूक आहे. ७९ मिळवून १६३० येतं. राज्याभिषेक ज्येष्ठातला, शके १५९६, म्हणून ७८ मिळवून १६७४. पानिपत पौष शुद्ध ८, शके १६८२. पौष डिसेंबर-जानेवारी असा दोन्हीकडे पडतो, तिथे नुसत्या बेरजेवर विसंबू नका, जंत्री (तिथी आणि इंग्रजी तारखा जुळवून देणारं कोष्टक) पाहा. ती लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, म्हणजे ७९.

पेशवाईच्या पत्रांत शुहूर सन असतो, अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेला. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे; हे वर्ष सूर्य मृगात शिरला की सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६००. पानिपत याच ११६१ सालात येतं. शब्द उकलून दाखवला तर मुलांना हे कोड्यासारखं आवडतं.

दुसरी अडचण इंग्रजी तारखेतच असते. १५८२ साली पोर्तुगालने नवं, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं. तिथे ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. इंग्लंडने हा बदल १७५२ साली केला, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आणून. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्यातला पोर्तुगीज आणि सुरतेच्या वखारीतला इंग्रज एकाच दिवसाची तारीख दहा दिवसांच्या फरकाने लिहीत होते. १९ फेब्रुवारी १६३० आणि ६ जून १६७४ या दोन्ही तारखा जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या आहेत. नव्या पद्धतीने त्या १ मार्च १६३० आणि १६ जून १६७४ होतात.

हे पडताळायची सोपी युक्ती म्हणजे वार पाहणे. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन ६ जून १६७४ काढा, बुधवार दिसेल. प्रत्यक्षात ती शनिवारची पहाट होती. मोबाईल नवंच कॅलेंडर मागे ताणत नेतो, म्हणून वार जुळत नाही. १६ जून काढलात की शनिवार दिसतो. जुन्या तारखेचा नोंदलेला वार आणि मोबाईलचा वार यांत असा फरक दिसला, तर तारीख ज्युलियन असण्याची शंका आधी घ्यावी.

याच राज्याभिषेकात आणखी एक बारकावा आहे. जेधे शकावलीत, म्हणजे शिवकाळातल्या घटनांच्या जुन्या सालवार टिपणात, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसल्याची नोंद आहे. मग आपण त्रयोदशी का म्हणतो, आणि शनिवार कुठून आला? आपल्या पद्धतीत वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे तीन घटका सूर्योदयाआधी ७२ मिनिटं. पंचांगाच्या हिशेबाने तेव्हा शुक्रवारच चालू होता, इंग्रजी हिशेबाने शनिवार लागला होता. आणि सूर्योदयाच्या त्रयोदशीने सोहळ्याची तिथी ओळखली जाते. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. एखाद्या पालकाने 'शुक्रवार की शनिवार' असं विचारलं तर हे उत्तर हाताशी असू द्या.

फळ्यावर लिहिताना माझा आग्रह असा की १७५२ च्या आधीच्या घटनेला तारीख आणि तिथी दोन्ही लिहाव्यात: '१९ फेब्रुवारी १६३० (फाल्गुन वद्य ३, शके १५५१)'. तारीख रूढ आहे तीच ठेवा, स्वतः दहा दिवस मिळवून नवी तारीख लिहू नका. सगळं गाव एका दिवशी जयंती करणार आणि तुमचा फळा दुसरंच सांगणार, त्याने गोंधळ वाढतो. इंग्रजांच्या जुन्या पत्रांतली तारीख उचलताना मात्र सांभाळा. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे पत्रावर 'फेब्रुवारी १६७३' असेल तर आपल्या हिशेबाने तो १६७४ चा फेब्रुवारी असू शकतो.

हिंदीतल्या मजकुरावरून तिथी घेत असाल तर महिना तपासा. आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात तिकडचं नाव एक महिना पुढे. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी; दिवस एकच. शिवजन्माची तिथीही तिकडच्या हिशेबाने चैत्र कृष्ण ३ होते. हे न बघता उतरवलं की तिथी महिनाभर सरकते. शिवाय तुकाराम बीज (फाल्गुन वद्य २) किंवा ज्ञानेश्वरांची समाधी (कार्तिक वद्य १३) अशा तिथीच्या दिवसांची इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी असते. मागच्या वर्षीची वही उघडून तीच तारीख लिहिणं ही सर्रास होणारी चूक आहे.

आणि वृत्तपत्राच्या डोक्यावर 'भारतीय सौर' म्हणून जो दिनांक असतो तो तिथी नव्हे. ते २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून लागू झालेलं राष्ट्रीय कॅलेंडर. त्यातला चैत्र आणि पंचांगातला चैत्र वेगळे.

पानिपतावरून एक प्रसिद्ध चूक आठवली. 'ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपत झालं' असं दरवर्षी फिरतं, कारण १४ जानेवारी. पण संक्रांत इंग्रजी तारखेला बांधलेली नाही, ती साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. मग त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १४ तारखेला कशी असेल? ती तेव्हा १२ च्याही आधी होऊन गेली होती. एका प्रसिद्ध तारखेवरून दुसरी पारखायची ही रीत फार उपयोगी आहे.

अलीकडच्या दिवसांबाबत कालगणनेचा प्रश्न नसतो, नावांचा असतो. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (१९१२), तो 'मराठी भाषा गौरव दिन'. 'मराठी राजभाषा दिन' १ मे रोजी. हे दोन्ही दरवर्षी एकमेकांत मिसळतात. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन रामन यांचा जन्मदिवस नाही. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला, त्यांचा जन्म ७ नोव्हेंबरचा. ६ जानेवारी १८३२ हा 'दर्पण'च्या पहिल्या अंकाचा दिवस, म्हणून पत्रकार दिन. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्याच दिवशी अण्णा भाऊ साठे जन्मले. इथे एकाला स्मृतिदिन आणि दुसऱ्याला जयंती, घाईत उलट होतं. 'पुण्यतिथी' हा शब्द खरं तर तिथीसाठी. इंग्रजी तारखेने पाळत असाल तर 'स्मृतिदिन' जास्त नेमका. जयंती हयात नसलेल्यांची, हयात माणसाचा वाढदिवस.

आता शब्द. शब्दांच्या बाबतीत धोका असतो तो गोड गोष्टीचा. 'पाव' घ्या. 'पायाने तुडवून मळायचे म्हणून पाव' ही एक गोष्ट, 'लादीतला चौथा हिस्सा म्हणून पाव' ही दुसरी. दोन्ही चूक. खायचा पाव पोर्तुगीज 'पांव'वरून आला, त्या भाषेत त्याचा अर्थ भाकरी-ब्रेड. चौथ्या हिश्श्याचा पाव संस्कृत 'पाद'वरून आला. दोन वेगळे शब्द मराठीत येऊन सारखे दिसू लागले, एवढंच. अशा गोष्टींना लोकव्युत्पत्ती म्हणतात.

पारखायला तीन प्रश्न पुरतात. ती वस्तू इथे आधीपासून होती का? नसेल तर कोणी आणली? आणणाऱ्याच्या भाषेत तसाच शब्द त्याच अर्थाने आहे का? बटाटा, कोबी, अननस, काजू, पपई, तंबाखू या सगळ्यांना हे लावून पाहा, पोर्तुगीजांचं गलबत दिसेल. पगार, चावी, घमेलं, परात, बिजागरी, लिलाव, नाताळ, फीत, पाद्री हेही त्यांचेच. हापूससुद्धा 'अफोंसो'वरून. 'चावी'त तर एक छान गोष्ट आहे: आजचा पोर्तुगीज माणूस हा शब्द 'शाव्ह'सारखा म्हणतो, पण सोळाव्या शतकात तिथे 'च' होता. तो जुना उच्चार आपल्या चावीत टिकलाय.

मात्र 'मूळ' आणि 'मार्ग' यांत गल्लत करू नका. काजू पोर्तुगीजांमार्फत आला, पण शब्द मुळात ब्राझीलच्या तुपी लोकांचा. फळ्यावर 'पोर्तुगीज भाषेतून आलेला' असं लिहिलं की सुरक्षित, 'मूळ पोर्तुगीज शब्द' लिहिलं की चुकलं. आणि साबण, मेज असे शब्द टाळा: साबणाला अरबी 'साबून'ही आहे आणि पोर्तुगीज जोडीदारही, मेजाला फारसी वाटही आहे. चाळीस शब्दांत ती चर्चा मावत नाही. मार्ग एकच आणि स्वच्छ आहे असे शब्द भरपूर आहेत.

कोश कोणते? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शब्द तेव्हा कोणत्या अर्थाने चालत होता हे दाखवतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश वाक्प्रचारांसाठी, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश उगमासाठी. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे जालावर मोफत शोधता येतात. व्युत्पत्ती नुसती एकाच ठिकाणी, तीही कोशाबाहेर मिळाली, तर फळ्यावर घेऊ नका.

नमुना म्हणून 'तुरुंग' कसा लिहावा ते पाहा:

'तुरुंग: पोर्तुगीज "ट्रोंको"वरून. अर्थ, झाडाचं खोड. कैद्याचे पाय ज्या लाकडात अडकवत त्यालाही हेच नाव, म्हणून पुढे कैदखान्यालाही. मराठीत त्या लाकडाला खोडा म्हणतात, तोही खोडावरूनच. "खोडा घालणे" हा वाक्प्रचार त्यातलाच.'

मजकूर चाळिशीच्या आत आहे, एकच धागा आहे, आणि शेवटी मुलांना माहीत असलेल्या वाक्प्रचारावर येऊन थांबतो. अनोळखी शब्दाकडून ओळखीच्या शब्दाकडे येणं नेहमी जमतं असं नाही, पण जमेल तेव्हा जरूर करा.

भाषा, इतिहास आणि गणित एकत्र हवं असेल तर जुनी नाणी आणि मापं घ्या. १ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणून रुपयाचे ६४ पैसे, १९२ पै. 'सोळा आणे खरं' म्हणजे पूर्ण रुपयाएवढं खरं, आणि 'पै न् पै' म्हणजे शेवटच्या १९२व्या भागापर्यंत हिशेब. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले, एक आणा ६.२५ पैशांचा ठरला, म्हणून चार आणे बरोबर २५ पैसे, पण दोन आणे साडेबारा. चवली बोलण्यातून का गेली आणि 'चार आणे', 'आठ आणे' का राहिले, हे मुलं या आकड्यांवरून स्वतःच सांगतील. तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफ मात्र आता १० ग्रॅमला तोळा म्हणतात. गुंठा १,०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. सातबाऱ्यावरचा आर १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट, म्हणून बोलताना आर आणि गुंठा एकच धरले जातात. ते एक नाहीत.

सामान्यज्ञानात 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'एकमेव' हे शब्द दिसले की खडू खाली ठेवा. '१६ एप्रिल १८५३, भारतातली पहिली रेल्वे' हे वाक्य चूक आहे, कारण मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्ये आणि रूडकीला १८५१ मध्ये मालवाहू रेल्वे धावली होती. 'भारतातली पहिली प्रवासी रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर' असं लिहिलं की बरोबर. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, व्यवसाय सुरू करण्याआधीच, त्या वारल्या. १८८६ मध्येच कलकत्त्यात कादंबिनी गांगुली वैद्यकीय पदवीधर झाल्या, आणि रखमाबाईंनी पुढे सुरत, राजकोटला कितीतरी वर्षं रुग्ण तपासले. 'पहिली महिला डॉक्टर' या तीन शब्दांत हे सगळं दडपून जातं. कोणी काय केलं ते लिहिलं तर तिघींचाही मान राहतो.

'हिंदी राष्ट्रभाषा' आणि 'हॉकी राष्ट्रीय खेळ' या दोन्ही गोष्टी खोडून टाका. राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदात हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, आणि राष्ट्रीय खेळ म्हणून कोणताच खेळ जाहीर झालेला नाही.

शिळी होणारी माहिती वेगळी ओळखा. महाराष्ट्रात जिल्हे ३६, पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाल्यापासून. जुन्या पुस्तकात ३५ सापडतील. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं जुन्या छापील प्रश्नसंचांत नसतात. मराठीला अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला, पण 'मागणी प्रलंबित आहे' असं सांगणारे लेख अजून जालावर आहेत. मराठी विश्वकोश इतिहास आणि शास्त्रासाठी भरवशाचा, पण जुन्या खंडांतली लोकसंख्या, उत्पादन, जिल्ह्यांचे आकडे उचलू नका.

दोन ठिकाणी तपासायचं म्हणजे दोन संकेतस्थळं बघायची असं नाही. दोन्हीकडे वाक्यरचना सारखी, शुद्धलेखनाची चूकही तीच, असं दिसलं की एकाने दुसऱ्याचं उचललंय. ते एकच ठिकाण धरा. सुविचाराखाली नाव लिहिताना तर फारच सांभाळा. कोणत्या ग्रंथातलं वा भाषणातलं ते सापडलं नाही तर सुविचार नावाशिवाय लिहा.

एक दोनशे पानी वही करा. डावीकडे फळ्यावर जायचा मजकूर, उजवीकडे तो कुठून घेतला (पुस्तक, पान) आणि दुसरीकडे कुठे पडताळला. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी निदान तीस नोंदी तयार ठेवा. रोज सगळं देऊ नका. सोमवारी दिनविशेष, मंगळवारी शब्द, बुधवारी माप किंवा नाणं असे वार ठरवलेत की शोधायचं ओझं कमी होतं. ठरलेल्या दिवसाला चांगला दिनविशेष नसला तर ओढूनताणून कुठलासा 'जागतिक दिन' आणण्यापेक्षा वहीतला एक शब्द द्या.

लिहून झाल्यावर ज्येष्ठ, उज्ज्वल, तज्ज्ञ, आशीर्वाद, स्मृतिदिन हे शब्द आले असतील तर पुन्हा बघा, फळ्यावर सर्वांत जास्त चुकतात ते हेच. आणि माहितीच चुकली असं कळलं तर गुपचूप पुसू नका. दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात 'दुरुस्ती' असं लिहून कालचं वाक्य, त्यातली चूक आणि बरोबर काय ते लिहा, ज्या मुलाने किंवा पालकाने दाखवलं त्यांचे आभार मानून. वहीतही ती नोंद लाल शाईने दुरुस्त करा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा फळ्यावर येणार नाही.